डाव्या कानातली टिकटिक

ता. ४

ती. मावशीस,
ठकूचा शि. सा. न. वि. वि.

आले! अखेर आले! नवे हेडफोन काल दुपारी हातात पडले आणि तेव्हापासून काढायचं मनच होत नाही. किती पडले ते विचारू नकोस, आईला तर मुळीच कळवू नकोस. गाद्या इतक्या मऊ की कान उशीवर टेकल्यासारखे वाटतात. वजन जाणवतच नाही. आणि खर्ज असा भरदार की छातीत घुमतो! जुन्यांना दोन्ही बाजूंना नुसती जाळी, त्यामुळे मी काय ऐकते ते अख्ख्या खोलीला कळायचं. आता बाहेर कोणी ढोल बडवला तरी आत पत्ता लागत नाही.

जुने तुला पाठवतेय. दहा वर्षं वापरले, दोनदा पाडले, एकदा त्यांच्यावर बसलेही, पण पठ्ठे अजून ठणठणीत आहेत. फक्त गाद्यांचं कातडं सोलवटलंय. सोबत छोटा प्लेअर आहे. त्यात माझ्या परीक्षेचा तुकडा आहे. एका निवृत्त मास्तरांनी दर्यावर्दीची गोष्ट वाचली आहे, ध्वनिमुद्रण आणि काटछाट माझी. बोलक्या पुस्तकांच्या स्टुडिओतली माझी सहा महिन्यांची उमेदवारी संपत आलीय. वीस तारखेला हा तुकडा साहेबांना द्यायचा. पसंत पडला तर नोकरी कायम, नाहीतर घरचा रस्ता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तू तीस वर्षं काढलीस, नुसत्या श्वासावरून माणूस ओळखायचीस म्हणे. म्हणून तुझं मत हवंय. पण कौतुकच कर हं!

तुझी, हवेत तरंगणारी,
ठकू

ता. ८

चि. ठकूस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. तुझं डोकं लहान, माझं मोठं, त्यामुळे तुझ्या पठ्ठ्याने पहिल्या दिवशी माझी कानशिलं अशी आवळली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग दोन जाडजूड शब्दकोश एकावर एक रचून त्यांच्यावर ते दोन दिवस ताणून ठेवले. गाद्यांना जुन्या मखमलीचे अभ्रे शिवले. आता कसे निमूटपणे बसतात.

काय सांगू तुला! मास्तर माझ्या खुर्चीशेजारी बसून वाचताहेत असंच वाटलं. त्यांचे ओठ सुकतात तेसुद्धा कळतं. मी डावी वाटी कानावर ठेवते आणि उजवी कानामागे सरकवते. हसू नकोस, एक्स्चेंजची सवय आहे. डावा कान गिऱ्हाइकाला, उजवा सुपरवायझरबाईंच्या ओरडण्यासाठी मोकळा.

एक विचारू का? मास्तर बोलतात तेव्हा मागे बारीक टिकटिक येते. ते थांबले की तीही थांबते. खोलीत घड्याळ होतं का गं?

पत्र धाड. तुझी माया अशीच राहू दे.
मावशी

ता. ११

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

घड्याळ? आमच्याकडे भिंतीवर घड्याळ लावायला बंदी आहे! तरी तुझ्या पत्रामुळे नव्या हेडफोनवर तुकडा सात वेळा ऐकला. टिकटिकीचं नावसुद्धा नाही. मास्तरांचा आवाज नुसता साखरेत घोळवल्यासारखा येतो.

तेव्हा दोष एक तर त्या म्हाताऱ्या वायरीचा, नाहीतर तुझ्या मखमलीचा. गाद्या बदलल्या की आवाजही बदलतो. आणि राग मानू नकोस, पण वयाबरोबर कानात असे आवाज येतात म्हणे. एकदा डॉक्टरांना दाखव ना. मला आता धीर धरवत नाही. वीस तारखेची वाट न पाहता सतराला सकाळीच तुकडा देऊन मोकळी होते.

तुझ्या मायेची हक्कदार,
ठकू

ता. १४

चि. ठकूस, आशीर्वाद, पण आधी थांब!

तुकडा देऊ नकोस. हे पत्र जलद टपालाने पाठवतेय. कालची पोर तू, मला वय शिकवतेस? रागाने दिवसभर जेवण गोड लागलं नाही. मग एक्स्चेंजमधला रिवाज आठवला. लाइनवर खरखर आली की आधी ठरवायचं, दोष लाइनचा, यंत्राचा की ऑपरेटरचा. त्यासाठी एकेक गोष्ट बदलून बघायची.

आधी मखमल उसवली. टिकटिक तशीच. मग प्लेअरमध्येच असलेला दुसऱ्या पुस्तकाचा तुकडा लावला. टिकटिक गायब. म्हणजे यंत्र निर्दोष. मग तुझाच तुकडा पुन्हा लावून हेडफोन उलटे घातले, डावी वाटी उजव्या कानावर. डाव्या कानात मास्तर तेवढे राहिले, टिकटिक एकदम थांबली. कान वाजत असता तर तिथे टिकटिक राहिलीच असती ना? म्हणजे माझा डावा कान खणखणीत आहे आणि दोष तुझ्या ध्वनिमुद्रणात आहे, तोही डाव्या बाजूला.

पण ठकू, ती टिकटिक आता उजव्या कानात यायला हवी होती, ती आली नाही. तीनदा करून पाहिलं. शेवटी गजराचं घड्याळ उजव्या कानाला लावलं, तरी काही नाही. तीस वर्षं बाईंची बोलणी खाऊन तोच कान बसला वाटतं. मला भीती वाटतेय, पण ते नंतर बघू. आधी तुझं काम.

मावशी

ता. २१

ती. मावशीस, साष्टांग, शिरसाष्टांग, कान धरून नमस्कार!

नोकरी कायम झाली! आणि ती तू दिलीस. तुझं पत्र सोळाला संध्याकाळी मिळालं. स्टुडिओच्या कपाटात आपल्यासारखेच जुने हेडफोन होते, ते घातले मात्र, टिक टिक टिक! मास्तरांचं मनगटी घड्याळ गं! डाव्या माइकजवळ हात ठेवून ते पानं उलटत होते. वाक्यांमधल्या फटी मीच कापून तिथे शांतता भरली होती, म्हणून ते थांबले की टिकटिकही थांबायची. माझ्या नव्या लाडक्यांनी सगळं गोड करून माझ्यापासून लपवलं. गाणी ऐकायला ते उत्तम आहेत, पण खरं सांगायला जुनेच.

मास्तरांनी हसत घड्याळ काढून ठेवलं आणि सगळं पुन्हा वाचलं. साहेबांनी विचारलं, एवढी बारीक चूक कशावर पकडली म्हणून. मी सांगितलं, मावशीच्या डाव्या कानावर. ते हसले नाहीत. यापुढे प्रत्येक पुस्तक बाहेर पडण्याआधी त्या कानाखालून जाऊ दे म्हणाले. पहिलं पार्सल आजच निघालं आहे.

आणि मी चुकले, मावशी. गुरुवारी सुट्टी काढून येते. डॉक्टरांकडे आपण दोघी जाऊ.

तुझी कायमची (आता नोकरीतही),
ठकू

ता. २९

चि. ठकूस, अनेकोत्तम आशीर्वाद.

तू गेलीस आणि घर सुनं झालं. उजव्या कानाचं यंत्र आलं, बरं बसतं. मात्र सध्या शेजारणीचं सगळं बोलणं ऐकू येतंय, हा ताप आहे.

एक्स्चेंज बंद झाल्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मला कोणी ऐकून सांगा असं म्हणालं नव्हतं. पार्सल मांडीवर घेऊन मी बराच वेळ रडले. मग डोळे पुसले, कारण काम पडलं होतं.

तुझ्या साहेबांना कळव. तिसऱ्या प्रकरणात, बाराव्या मिनिटाला, राजा प्राण सोडतो तिथे वाचणाऱ्याचं पोट गुरगुरतंय. डाव्या बाजूला. तेवढं पुन्हा वाचून घ्या, आणि त्या बिचाऱ्याला आधी जेवायला घाला.

तुझी, दोन्ही कानांनी वाट पाहणारी,
मावशी