डावं कोपर

६ जानेवारी, सोमवार
संकल्प: या महिन्यात स्नेहाशी बोलायचंच. समोरच्या फिजिओथेरपी क्लिनिकात ती इंटर्न आहे. पाचला खिडकीशी येते, सातला जाते. आमच्या मोबाईल रिपेअरिंगच्या काउंटरवर डावं कोपर टेकवून हनुवटी हातावर ठेवली की खिडकी बरोब्बर दिसते. सरांशी भांडून कॉलेज सोडलं, बरंच झालं. वर्गातून काय दिसायचं?

१५ जानेवारी
डाव्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या. डावी बाजू म्हणजे हृदयच. आई म्हणे, मोबाईल धरून धरून झालंय. तिला काय कळणार.

३ फेब्रुवारी
चिमट्यातून स्क्रू तीनदा पडला. गिऱ्हाईक हसलं. म्हटलं, बाहेर ये, दाखवतो! भारतदादाने मलाच बाहेर काढलं. दुकान त्याचं, म्हणून ऐकून घेतलं.

११ फेब्रुवारी
आयडिया! मुंग्या हेच निमित्त. क्लिनिकात गेलो, स्नेहानेच तपासलं. करंगळीवर कापूस फिरवून विचारलं, कळतंय का? काहीच कळत नव्हतं. हो म्हणालो. बधिर माणूस कुणाला आवडेल? मग बोटांत कागद धरायला लावला अन् अलगद ओढून घेतला. कोपराच्या आतल्या बाजूने नस जाते, ती दबतेय म्हणे. कोपर कशावर टेकवता का? खरं सांगितलं तर खिडकीचंही सांगावं लागणार. म्हणालो, कधीच नाही.
जरा जास्तच वेळ बघत राहिली. चांगलं लक्षण.

२४ फेब्रुवारी, संध्या. ५.२०
तिने खिडकीतून हात केला! कोपर वर उचलून, दोनदा! मीही केला. उजवा. डावं कोपर जागेवरच.

१९ मार्च
करंगळी आत वळलीय, सरळ होईना. क्लिनिकातल्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, नस फार दिवस दबलीय. ऑपरेशन करावं लागेल, तरी पूर्वीची ताकद येईलच असं नाही. भारतदादाने रिपेअरिंगवरून उठवून कव्हर विकायला बसवलं. घरी प्रमोशन सांगितलं.
उद्या स्नेहाला सगळं सांगणार. फायनल.

२० मार्च
गेलो. तिचा शेवटचा दिवस होता. मे महिन्यात लग्न, मुलगा घोटीचा. मी तोंड उघडायच्या आत तिने घडी घातलेला टॉवेल हातात दिला. म्हणाली, दादा, हा काउंटरच्या कडेवर ठेवा. कोपर टेकवलेलं रोज दिसायचं मला. तुम्ही ‘कधीच नाही’ म्हणालात, मग काय बोलणार? खिडकीतून कोपर उचला, कोपर उचला म्हणून खुणावलं, तर तुम्ही टाटा करत बसलात.
थँक्यू म्हणालो.

२१ मार्च, संध्या. ५.००
टॉवेल कडेवर घातला. मऊ आहे. डाव्या करंगळीला कळेना, म्हणून उजव्या हाताने बघितलं.
समोरची खिडकी बंद.