काचेतलं पाणी

अप्पा,

सकाळपासून भाषणाचे दोन कागद फाडले, तिसऱ्यावर हे तुम्हाला लिहिते आहे. पुढच्या आठवड्यात कारखान्यात सुरक्षा सप्ताह आहे आणि नव्याने भरती झालेल्या ऑपरेटरांसमोर मी अर्धा तास बोलायचं असं साहेबांनी ठरवलंय. विषयही त्यांनीच दिला : आणीबाणीत डोकं शांत कसं ठेवावं. गेल्या हंगामात मी ते ठेवलं म्हणे. त्याबद्दल मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र मिळालं. अव्वा म्हणते, ते तुमच्या फोटोशेजारी लाव. खिळा मिळत नाही, असं सांगून मी ते कपाटात उभं करून ठेवलंय.

तुम्ही गेल्यानंतर इथलं इतकं बदललंय, की तुम्हाला गेटपासून आत मी हात धरून न्यावं लागेल. तुमचा बॉयलर भंगारात गेला. त्या जागी दहा मजली इमारतीएवढा नवा उभा आहे आणि त्याच्या वाफेवर साखर तर होतेच, वर वीज होते ती तारांवरून सोलापूरकडे जाते. मी त्याच्या कंट्रोल रूममध्ये बसते. खोली थंडगार असते, समोर सहा पडदे, पडद्यांवर आकडे. आग बघायला मिळत नाही. पण काम काय आहे, असं कुणी विचारलं तर मी अजूनही तुम्ही स्वयंपाकघरात सांगितलं होतं तेच सांगते.

मी सहावीत आहे. रविवार आहे. अव्वा भाकरी थापतेय आणि तुम्ही पावडरच्या डब्याचं पत्र्याचं झाकण कात्रीने कापून त्याच्या पाकळ्या वाकवताय. मधोमध भोक पाडून ते चाक तुम्ही स्वेटरच्या सुईवर चढवता आणि कुकरच्या वाफेसमोर धरता. चाक गरगर फिरायला लागतं. वीज कुठून येते, असं तुम्ही विचारता आणि मी म्हणते, तारेतून. तुम्ही हसता. ‘‘तारेतनं येती, खरंय. पर तयार कुटं होती?’’ मग तुम्ही सांगता, की हे असंच चाक मोठं करायचं, त्याच्या दांड्यावर चुंबक बसवायचं आणि भोवती तांब्याच्या तारेची वेटोळी ठेवायची. चुंबक फिरलं की तारेत वीज वाहायला लागते. चाक कशानं फिरवायचं एवढाच काय तो प्रश्न. धरणावर पाणी फिरवतं, डोंगरावर वारा फिरवतो, आपल्याकडे वाफ फिरवते आणि वाफ करायला आग लागते. आग उसाच्या चिपाडाची असेल तर पुढच्या वर्षी रानात पुन्हा ऊस उभा राहतो. कोळशाची असेल तर जमिनीतलं तेवढं कायमचं कमी झालं. ते परत भरून यायला माणसाची जात पुरायची नाही, असं तुम्ही म्हणालात. ‘‘साक् री,’’ अव्वा तिच्या कन्नडमध्ये म्हणाली, म्हणजे पुरे आता, कुकर उतरवू द्या.

तेवढ्यात मी चाकाच्या मागे, अगदी शिट्टीजवळ बोट नेलं आणि तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारला. आयुष्यात एकदाच मारलंत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तरी तुम्ही जवळ घेतलं नाहीत. वाफेचा पांढरा धूर दिसतोय तिथं तेवढं भाजत नाही, म्हणालात. तो थंड व्हायला लागलेला असतो. त्याच्या आधी, शिट्टीला लागून, जिथं काहीच दिसत नाही, तिथं खरी वाफ असते. बॉयलरवरच्या माणसाला जे दिसत नाही त्यालाच भ्यायला शिकावं लागतं.

मी दहावीत असताना ते घडलं. ऐन हंगाम होता, उसाच्या गाड्यांची रांग गेटबाहेर पार फाट्यापर्यंत गेली होती. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे दाखवणारी उभी काच असते, त्या काचेत तुम्हाला पाणी दिसेना. काच रिकामी दिसली तर पाणी आटलेलं असू शकतं, किंवा काचेची नळी गाळानं तुंबलेली असू शकते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आणि पाणी खरंच आटलं असेल तर आतल्या नळ्या लाल होऊन फुटतात, खाली उभ्या माणसांचं काही शिल्लक राहत नाही. तुम्ही खालच्या तिघांना बाहेर काढलंत, चिपाड बंद केलंत, आग मारलीत. कारखाना थांबला. कॉलनीतले दिवे गेले, पाण्याची मोटर बंद पडली. पुन्हा सगळं सुरू व्हायला दोन दिवस लागले. चौकशीत निघालं, की पाणी हवं तेवढं होतं. काच तुंबली होती.

शाळेत मुली म्हणाल्या, तुझ्या वडिलांनी घाबरून कारखाना बंद पाडला. मी घरी आले आणि दप्तर न उतरवताच तुम्हाला विचारलं, की काच तुंबलीय एवढंही तुम्हाला कळलं नाही का. अव्वा माझ्यावर ओरडली. तुम्ही तिला हातानं थांबवलंत. तुम्ही चुलीजवळच्या पाटावर बसला होतात, शेंगाचटणी आणि भाकरी पुढ्यात तशीच होती.

‘‘दिसत न्हाय ते हाय असं धरायचं,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘आन् खाली माणसं हुबी ठेवायची? ते मला जमायचं न्हाय. उद्या परत काच रिकामी दिसली तर उद्या परत बंद करीन.’’

उद्या आलाच नाही. तुम्हाला बॉयलरवरून काढून वजनकाट्यावर बसवलं. पाच हंगाम तुम्ही तिथे बसलात. मी डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही बॉयलरकडे पाठ करून बसलेले असायचात आणि मला वाटायचं, लाज वाटते म्हणून. मलाही वाटायची. मग एका दुपारी तिथल्याच खुर्चीत तुमचं हृदय थांबलं. मी सोलापूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, पुढे एम.एस्सी. करायचं ठरलं होतं. घरात मिळवतं कुणी नव्हतं आणि क्वार्टर कारखान्याची होती. वारस म्हणून मला नोकरी दिली. मुलाखतीला बसलेले अधिकारी भले होते. कागदावर सही करताना ते हसून म्हणाले, वडिलांसारखं घाबरू नका म्हणजे झालं. मी मान हलवली. त्या मान हलवण्यावर माझी सगळी नोकरी उभी आहे, अप्पा. आधी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, मग टर्बाइनवर, मग कंट्रोल रूममध्ये. जिथे गेले तिथे मी घाबरत नाही हेच मला दाखवत राहावं लागलं.

हंगामात आम्ही चिपाड जाळतो आणि कागदोपत्री आमची वीज पुन्हा पुन्हा उगवणारी, चांगली वीज असते. हंगाम संपून चिपाडाचा ढीग सरला, की काही महिने त्याच भट्टीत कोळसा जातो. वीज तारेत तीच असते, घरातला पंखा तसाच फिरतो. फक्त राखेचा रंग बदलतो आणि वाळत घातलेल्या लुगड्यांवर काळे ठिपके पडतात म्हणून अव्वा कुरकुरते. आता दुपारी वरून, वीज वाटणाऱ्या केंद्रातून, फोन येतो, की सूर्याची वीज भरपूर आहे, तुमची कमी करा. सूर्य कलला की तेच फोन करतात, वाढवा. दिवसभर मी हेच करते, सांगितलं की कमी, सांगितलं की जास्त.

मधे एकदा कॉलेजातल्या मैत्रिणीने मला वळसंगच्या पुढे, तुमच्या गावाकडच्या माळावरच, सौर प्रकल्प दाखवायला नेलं. तिथे जागा होती, माझ्यासाठी तिने शब्द टाकला होता. एकरच्या एकर निळ्या काचा सूर्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मी सवयीने कान लावला. काहीच फिरत नव्हतं. वाफ नाही, चाक नाही, चुंबक नाही. ऊन काचेवर पडतं आणि वीज निघते. धूळ पुसणाऱ्या दोन बायका सोडल्या तर माणूसही नव्हता, कुणी भाजेल असं काही नव्हतं. मला तिथे इतकं मोकळं वाटलं, की मी मैत्रिणीला हो म्हणून आले. घरी येऊन अव्वाला सांगितलं. ती म्हणाली, तू जा की, मी हितंच राहते, तुझे अप्पा हितनं गेलेत. नोकरी सोडली तर क्वार्टर सुटते हे तिला माहीत नसेल असं नाही. दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला नाही म्हणून कळवलं आणि ड्यूटीवर गेले.

आता गेल्या हंगामातलं सांगते. सकाळची अकराची वेळ, बॉयलर पूर्ण भारावर. पाण्याची पातळी दाखवणारे तीन मीटर माझ्या पडद्यावर असतात. दोन मध्यावर स्थिर होते, तिसरा सरसर खाली गेला. तीनपैकी दोन बरोबर असतील तर यंत्रणा आपणहून बॉयलर बंद करत नाही, ते माणसावर असतं. जुनी उभी काच अजूनही असते, वरच्या मजल्यावर, बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमजवळ. दोन असतात, पण त्यातली एक गळते म्हणून आदल्याच दिवशी बंद ठेवली होती. दुसऱ्या काचेपाशी करकंबचे मामा होते. नोकरीची दोन वर्षं राहिलेला माणूस, सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी फोन लावला.

‘‘म्याडम,’’ ते म्हणाले, ‘‘काचेत पानी दिसंना.’’

लाल बटणावर प्लॅस्टिकचं झाकण असतं. ते मी उचललं. दुसऱ्या हाताने साहेबांना फोन लावला, खरं म्हणजे बंद करतेय एवढंच सांगायला. साहेब म्हणाले, दोन मीटर नीट दाखवतायत ना, मग काच तुंबली असणार, काच धुवून घ्या. थांबा, बंद करू नका. मग ते अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, वडिलांचं झालं तसं पुन्हा नको.

मी झाकण खाली केलं. मामांना काचेचा खालचा कॉक उघडून ती वाफेने धुवायला सांगितली. त्याला तीन-चार मिनिटं लागतात. त्या वेळात मी दोन मीटरकडे बघत राहिले आणि ते खोटं बोलत असतील तर काय, हे मला नळीन्‌नळी माहीत होतं, कारण तुम्ही शिकवलं होतं. मग फोनवर मामा म्हणाले, आलं, आलं पानी. काच तुंबली होती. तिसऱ्या मीटरची तार सैल झाली होती. बॉयलर एक क्षणही थांबला नाही. साहेबांनी खाली येऊन सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं आणि संध्याकाळी घरी येऊन मी बाथरूमचा नळ सोडून बसून राहिले.

लोक म्हणतात, निकाल बरोबर आला. तुमच्याही वेळी पाणी होतं आणि माझ्याही वेळी. तुम्हाला वजनकाटा मिळाला, मला शाल. इतकी वर्षं मला वाटत होतं, की तुमच्या हातून झालं ते माझ्या हातून होऊ नये, म्हणून मी जपतेय. त्या चार मिनिटांत कळलं, की तुमच्या हातून झालं ते माझ्या हातून होऊच शकत नाही. तेवढी मी नाही. आणि आता वीस पोरांसमोर उभं राहून मला त्यांना तेच शिकवायचंय. मामांनाही साहेब पहिल्या रांगेत बसवणार आहेत, प्रसंगातले माणूस म्हणून. नाही म्हणावं तर कारण काय सांगू?

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. अव्वाला वाचता येत नाही, म्हणून ते घरात राहिलं तरी चालेल. पण एक गोष्ट साहेबांना माहीत नाही, अव्वाला नाही, ड्यूटीच्या नोंदवहीत नाही, ती लिहून टाकते.

साहेबांचा फोन चालू होता तेव्हा मामांचा फोन मी ठेवला नव्हता. रिसीव्हर खांद्याने दुसऱ्या कानाशी दाबून धरला होता. मामांनी विचारलं, ‘‘म्याडम, मी खाली यीऊ का हितंच थांबू?’’ खाली या म्हणाले असते, तर धोका आहे असं मी मानलं असं झालं असतं, आणि मग मला बटण दाबावंच लागलं असतं. थांबा म्हणायला तोंड उघडेना. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने काच धुवायला सांगितलं, तोवर ते तिथेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते माझ्याकडे आले. मी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, ‘‘काल मी इचारलं तवा तुमी काय बोलला न्हाई, म्हणून हुबाच ऱ्हायलो. वर लई आवाज अस्तोय की. ऐकू गेलं नसंल तुमाला.’’

मी म्हणाले, हो मामा, ऐकू नाही आलं.

आलं होतं, अप्पा.