परळीहून आलेले पाय

श्रावणी सोमवार, सांजच्याला

आज लबाडी केली. मी तापातून उठलो तर अनवाणी चालत येईन, असं आई परळीच्या वैजनाथाला बोललेली. तिचा गुडघा धरला म्हणून तिच्या जागी सिरसाळ्याहून मी निघालो. गेलतो डेअरीच्या टेम्पोत, दुधाच्या कॅनवर बसून. आलो बी तसाच. गावच्या येशीत उतरून पायाला धूळ तेवढी चोळली.

टँकर कवा येईल ठावं न्हाई, तरी आईनं दारात तांब्याभर पाणी माझ्या पायावर ओतलं, डोळ्याला लावलं.

"एक फोड न्हाई बग. देवानंच सांबाळलं."

तांब्याभर पाणी. तेवढ्यात आमी दोघं सकाळ काढतो.

पुढल्या सोमवारी आईला न सांगता अनवाणी चालतच जाणार. फोड आले तर चप्पल चावली म्हणीन. वाचणाऱ्या, आईला बोलू नको बे. तुझ्या न धुतलेल्या पायाबी पडतो.