पिल्लांचं आंबोण

१२ जून
सोयापेंड बंद! सुनेनं ठरवलं. कोंबडीच्या पिल्लांना सूर्यफुलाची आणि तिळाची पेंड? निम्मी टरफलंच! मी म्हणालो, पचायची कशी? तर सुलक्षणा म्हणते, "आप्पा, संगं एन्झाइमची पावडर हाय की. पेंड पचवायचं काम तिचं."
चिमूटभर भुकटी! काही खरं वाटत नाही. आणि खाद्य घालायचं काम माझ्याकडं.

१५ जून
मुलगा गोकुळ कुरकुंभहून आला. कंपनीजवळच खोली घेतलीय. जेवताना म्हणाला, "ही पिल्लं साधली तर बरं. न्हाईतर ह्या दोघींना तिकडंच नेतो. तुम्ही बी चला."
मी कुठं जाऊ? म्हैस कुणाच्या गळ्यात बांधू? आणि हे गेले, नात करिश्मा गेली, तर आजोबा म्हणून हाक कोण मारणार? पाबळमध्ये माझं दुसरं आहे कोण?
पिल्लं वाढलीच पाहिजेत.

१६ जून
सुचलं! म्हशीची पेंड आपण उकळत्या पाण्यात भिजवून आंबोण करतो, तेव्हा तिला मानवते. पिल्लांचं तर पोट केवढंसं! आज त्यांच्या पावडर मिसळलेल्या खाद्यावर चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं. निवल्यावर घातलं. तुटून पडली!
सुलक्षणा आली. वाफ बघून उभी राहिली. "पिल्लांना आंबोण व्हय, आप्पा?" हसली आणि गेली.

२९ जून
वाढ नाही. पिसं विस्कटलेली, ढुंगणं चिकट. शेजारी हौसरावचीही हीच पेंड, हीच पावडर. त्याची पिल्लं केवढाली! वर मलाच म्हणतो, "आप्पा, कोंबड्या पाळल्यात का चिमण्या?"
मेल्या, तुला काय जातंय!
उद्यापासून पाणी जास्त उकळायचं.

६ जुलै
पुन्हा दोन मेली.

१३ जुलै
गोकुळनं एक पिल्लू हातावर घेतलं. खाली ठेवलं. "बास झालं. आवरा आता."
सुलक्षणा लगेच उठून रिकामी पोती झटकायला लागली.  

१४ जुलै
हौसरावकडं शिरूरचे गुरांचे डॉक्टर आले होते. न राहवून सगळं सांगितलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "आजोबा, उकळत्या पाण्यानं ती पावडर बाद होते! नुसतं कोरडं खाद्य घालायचं."
 माझ्याच हातानं! पिल्लांचे बिचाऱ्यांचे हाल!
पण म्हणजे पेंड चांगलीच होती. सुनेचं बरोबर होतं! दुसरी पिल्लं आणता येतील. उद्या उठल्या उठल्या सांगतो – म्हातारा चुकला, बाई, तू जाऊ नको.

१५ जुलै
सांगितलं.
ती भांडी पोत्यात भरत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासनं ठावं हुतं, आप्पा."