ओटे गेले त्या उन्हाळ्यात

२ एप्रिल, नांदेड
ओटा गेला. नदीघाटाचा रस्ता रुंद हवा, पाहुण्यांना फिरायला. सकाळी मशीन आलं, चहा उकळेस्तोवर काम झालं. आता उंबऱ्याबाहेर पाय टाकला की थेट परक्याच्या सेल्फीत. हे म्हणाले, "घर विकून टाकू. लॉजवाला मागं लागलाय. लातूरला पोरापाशी जाऊ." मला आता बोलायचाही कंटाळा आलाय.

५ एप्रिल
शेजारच्या शकुताई गेल्या. त्यांचं घर त्याच लॉजवाल्यानं घेतलं. टेम्पोत बसता बसता म्हणाल्या, "बाई, तुमी तरी ऱ्हावा." जाणारे सगळे हेच सांगून जातात.

९ एप्रिल
वेडेपणा माझा. कुरडयांचा गहू भिजत घातला, सवयीनं चार घरांचा. मग लक्षात आलं, गल्लीत आता चार घरं कुठायत? चीक हाटायला, सोऱ्या दाबायला बाया लागतात. वाळवायला ओटा लागतो. पण एकदा भिजवलेला गहू थोडाच थांबणार.

१२ एप्रिल
चीक शिजवला. ह्यांचं फोनवर लेकाशी "हाव, हाव, सांगतो तिला" चाललेलं. फोन ठेवला आन् मुकाट्यानं सोऱ्या घेऊन बसले! जन्मात पहिल्यांदा. कुरडया वेड्यावाकड्या. घाटावरच्या नव्या बाकांवर जुनं धोतर अंथरून घातल्या. वॉचमन धावत आला, "मावशी, हितं न्हाई जमत. बाक टुरिस्टसाठी हाय." तेवढ्यात फिरायला आलेल्या दोघी फोटो काढायला लागल्या. ते पाहून सुशोभीकरणाच्या ऑफिसातल्या मॅडम पुढं. "आजी, रोज कराल का? नऊवारी नेसून? लोकांना आवडेल."
म्हटलं, उन्हाळ्यातून एकदाच करतात ह्या. तिला काही कळलं नाही. आधी राग आला, मग रडूच आलं. सगळं गोळा करून गच्चीवर नेलं.

१५ एप्रिल
वाळल्या. डबे भरले. आपला एक ठेवला, बाकीचे कुणाच्या दारात नेऊन द्यायचे?
संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "फुडल्या साली लातूरला करशील ना कुरडया?"
"तिसऱ्या मजल्यावर? कुणाच्या संगतीनं?"
मग म्हणाले, "मी हाय की."
इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी म्हटलं नव्हतं. उद्या लॉजवाला उत्तर घ्यायला येतोय. त्याच्यासाठी 'नाही' अगदी ओठांवर ठेवलं होतं मी. आता काय सांगू त्याला?