आई, तुझ्या छातीत काय होत होतं

आई, तू गोठा झाडला होतास, धारा काढून दूध डेअरीला धाडलं होतं आणि भाकरी थापायला बसली होतीस. थापता थापता तुझा हात उठला आणि छातीवर गेला. चोळीवर पिठाचा पंजा उमटला. मी दप्तर भरत होते. तू डोळे मिटून बसलीस, तव्यावरची भाकरी करपायला लागली आणि ओसरीवरून वडिलांनी विचारलं, "काय जळतंय?" तू म्हणालीस, "माझं काळीज." मग स्वतःच हसलीस. "लई पळतंय. बैल असतं तर घोडेगावच्या बाजारात चांगलं गिऱ्हाईक आलं असतं."

शेजारून चुलती आली. तिने हातही लावला नाही. "बेंबी सरकलीय. त्याबिगर असं धडधडत न्हाई." तुला आडवं केलं, पोटावर कणकेचा दिवा ठेवला आणि त्यावर रिकामा तांब्या पालथा घातला. दिवा विझून तांब्या कातडीला धरून बसला, की बेंबी जागेवर येते असं सगळी आळी मानायची. तुला बरं वाटलं. थोडे दिवसच. मग पुन्हा धडधड, पुन्हा तांब्या. पाळी जायच्या वयात बाईचं असं चालायचंच, म्हणायच्या सगळ्या. तांब्याच्या कडेचा गोल वळ तुझ्या पोटावरून जातच नव्हता. छातीला मात्र कुणी कान लावला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तू उसाच्या बांधावर टेकलीस ती उठली नाहीस. ऊन लागलं, असं म्हणाले.

आता मी तुझ्या त्या वयाची आहे. माझी पाळी येत-जात शेवटी थांबली. सकाळी गाईखाली बसते आणि काही कारण नसताना काळीज गळ्याशी येतं. एखादा ठोका चुकतो, मग सगळे एकदम धावतात. मानेला घाम फुटतो. मी गाईच्या पोटाला डोकं टेकून बसून राहते, तीही बिचारी हलत नाही.

तू न पाहिलेल्या तुझ्या जावयाच्या छातीत कळ आली तेव्हा सगळी आळी गोळा झाली होती. जीप आली, नगरला नेलं. पुढे किती वर्षं त्यांची फाईल घेऊन मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसले, अळणी भाज्या रांधल्या, गोळ्यांची नावं पाठ केली. तरी ते गेले. एवढ्या फेऱ्यांमध्ये माझ्या दंडाला तो बीपीचा पट्टा कुणी बांधला नाही. मलाही तसं सुचलं नाही.

शाळा सुटली तरी वाचणं सुटलं नाही, आई. आधी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचले, मग वाचनालयातली पुस्तकं. त्यांत लिहिलंय, पाळी थांबताना पुष्कळ बायकांना धडधड होते आणि बहुतेकींची आपोआप निवते. पण पाळी गेल्यावर बाईच्या हृदयाचा धोकाही वाढतो. तिला छातीत कळ येईलच असं नाही. जिना चढताना दम लागतो, जबडा दुखतो, मळमळतं, नुसता थकवा येतो. धडधडीबरोबर धाप किंवा चक्कर असेल तर दाखवून घ्यावं. हे वाचून मी जास्तच घाबरले. माझी धडधड निवणारी की नेणारी, हे पुस्तकाला काय ठाऊक? ते तुलाच विचारायचं आहे. तुझी पाळी कधी गेली? ठोका चुकायचा का गं? जिना नव्हता आपल्याकडे, पण विहिरीची चढण चढताना तू मध्येच थांबायचीस, ती दमामुळे की मी मागे राहिले म्हणून? तू काही बोललीच नाहीस. मीही कुणाशी बोलत नाही. मी काय करू, आई?

परवा कांद्याच्या खुरपणीला डोळ्यांपुढे अंधारी आली. धाकट्या जावेनं मला धरून बांधावर बसवलं.

"आक्का, घरी चला. तांब्या लावते."

"तांब्या नको."

"मग काय, नगरचा मोठा डॉक्टर? नवरा गेला आन् त्याचं दुखणं तेवढं तुमी ठिवून घेतलं व्हय?"

बायका हसल्या, मीही हसले. घरी येऊन दाराला कडी लावली आणि तोंडात पदर कोंबून रडले. विधवेनं म्हणायची रीत आहे, आता माझं काय राहिलंय. मीही चारचौघींत तसंच म्हणते. पण मला मरायचं नाही, आई. मला फार भीती वाटते. हे कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहवतं तरी आहे.

दुसऱ्या दिवशी धारा काढल्या, जावेला न सांगता श्रीगोंद्याची एसटी धरली आणि दवाखान्यात छातीला वायरी लावून घेतल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास होता का? मी म्हणाले, आईला. तू कशानं गेलीस ते मला माहीत नाही. तरी मी तसंच सांगितलं.