स्वेटरचं माप बदल

ती. आईस, धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे. खोलीत आता गरम पाणी येतं. बाबांचा गुडघा काय म्हणतो? त्यांना जिने चढू देऊ नकोस.

तुला लिहिलं होतं ना, आमच्या शिवणाच्या दुकानातली काउंटरवाली ताई माझी फार काळजी घेते? गिऱ्हाईक आलं की म्हणायची, "दमलीस गं, जा, आत जरा टेक." मीही वेडी, सुखावून आत जायचे.

काल एक नवी शिवणारी आली, माझ्यासारखीच काळीसावळी. तिनं अजून सुईत दोराही ओवला नव्हता, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ताई तिलाही म्हणाली, "दमलीस गं, जा, आत जरा टेक." त्याच गोड आवाजात.

मी विचारलं, "आल्या आल्या ही कशानं दमली?"

ताई म्हणाली, "मालकांना पुढे गोरे चेहरे लागतात. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

आई, केसानं गळा कापला गं! मालक परका, पण हिला मी ताई म्हणत होते.

ताईसाठी विणतेस तो स्वेटर उसव. नवी अंगानं बारीक आहे, तिच्या मापाचा कर. तुला कधी सांगितलं नाही, पण ती आतली खोली फार गार आहे.

तुझीच,
धाकटी